चार हिसके

सोम. ८ सप्टें.
लालबागचे मांडव उतरवतायत. करी रोडपासून सगळीकडे बांबू आडवे. कॉटन ग्रीनला वर्कशॉपवर पोचायला टॅक्सीला पाऊण तास लागला, चालत गेले असते तर अर्धा.

आमचं पाण्याखालचं यंत्र, मुशी, आज पहिल्यांदा गोदीच्या पाण्यात. कागदावर तिचं नाव एवढं लांब आहे की नौदलाचे साहेबही अर्ध्यात सोडतात. दिसते मुशी माशासारखी, म्हणून मुशी. गोदीच्या दरवाजाखाली सुरुंग शोधायचे आणि खाली माणूस असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. चार वर्षं घातली या 'एवढंच'मध्ये.

गोदीचं नाव लिहीत नाही, तसं सही करून दिलंय. पण दरवाजा तोच. चौदा वर्षांपूर्वी बाबा पाणबुड्या म्हणून इथेच खाली उतरले आणि दोर रिकामा वर आला. वर्कशॉपमध्ये कोणाला माहीत नाही. कशाला सांगू.

सगळं ठीक चाललं होतं. ओहोटी लागली आणि दरवाजाजवळ केबलवर ताण. मुशीला वाटलं आपण अडकलो, अलार्म वाजवत घाबरून वर आली. अडकलेलं काही नव्हतं.

मंगळ. ९ सप्टें.
पुन्हा. तीच जागा, तीच वेळ, ओहोटी लागताना. ग्राफ काढला. चार उंचवटे. मध्ये सारखं अंतर, मग शांत.
मोटर बंद ठेवून पाहिलं. तरी चार.

पाटकर सर म्हणाले, "नॉइज आहे. बावीसला घट बसतायत, त्या दिवशी साहेब लोकांना फायनल ट्रायल द्यायचीय. तेव्हा असं माहेरी पळून आली तर आपण सगळे घरी."

गुरु. ११ सप्टें.
केबल हातात धरून बसले. हातमोजे काढले होते. एक. दोन. तीन. चार.
लाट अशी नसते. लाट तुमच्याकडे लक्ष देत नाही.
दुपारी डबा तसाच परत आणला. आई : "जेवलंस नाय गो?" म्हटलं, मीटिंग होती.

शुक्र. १२ सप्टें.
केलं एकदाचं. सहा ओळींचा कोड. असा हळू ताण आला की अलार्म वाजवायचा नाही, धक्क्यावरच्या विंचने, म्हणजे केबलच्या रहाटाने, दोन मीटर केबल सैल सोडायची. ओढणाऱ्याला हवी तेवढी केबल मिळाली की तो गप्प.
चालवून पाहिलं. गप्प. मुशी दरवाजाशी शहाण्यासारखी उभी.
सरांनी सगळ्यांना वडापाव दिला. मी दोन खाल्ले.

सोम. १५ सप्टें.
आज ताणच नाही. उधाण उतरलंय, पाणी मंद आहे. उगाच बाऊ केला.

घरी पितृपक्षाचा विषय निघणार नाही याची काळजी घेते. शेजारच्या परबकाकूंनी आज काढलाच. आईने मंगळसूत्र नीट केलं आणि म्हणाली, "गेलेल्या माणसाक पान वाढतत. ते गेले म्हणान कोणी सांगल्यान?" काकू चहा न घेता गेल्या. चौदा वर्षं हेच. बॉडी नाही तर कार्य नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो म्हणून सांगितलं होतं, तर त्यांनाच जिन्यापर्यंत सोडून आली होती.

बुध. १७ सप्टें.
ट्रायलचा कार्यक्रम आला. साळवी दरवाजाशी खोटा सुरुंग बसवायला उतरणार, मुशी बाजूला राहून त्याच्यावर नजर ठेवणार. साळवी आमचा पाणबुड्या, मालवणकडचा, मुलगी बालवाडीत. मला म्हणतो, "मॅडम, तुमची मुशी आली की आमची नोकरी गेली." मी म्हणते, जाऊ दे, जीव तर राहील. हे मी थट्टेत म्हणत नाही. याच्यासाठीच इंजिनीअर झाले.

बघू तर जरा म्हणून आजचा कच्चा ग्राफ उघडला. बारीक, पण आहेत. चार. मी फक्त अलार्मचं तोंड बांधलं होतं.

गुरु. १८ सप्टें.
सुट्टी टाकून गिरगावला, फ्रान्सिस अंकलकडे. बाबांचा दोर त्या दिवशी त्यांच्या हातात होता. चौदा वर्षं त्यांनी आमचा जिना चढला नाही, नाताळचा केक मात्र कोणाच्या तरी हातून येतो. आई तो खात नाही. फेकतही नाही.

ग्राफ दाखवला. चष्मा लावला, काढला. कागद पालथा ठेवला.
"कुठला हाय हा?"
दरवाजाजवळचा, म्हटलं.
कागद परत सुलटा केला, बोटाने चार उंचवटे मोजले. मग म्हणाले, "बाय, एक हिसका म्हणजे ठीक हाय. चार म्हणजे वर घे. वरच्याने चार परत द्यायचे, म्हणजे खालच्याला समजतं की ऐकलं. मग ओढायचं. चार दिले की विचार करायचा नाय, ओढायचंच."
"त्या दिवशी आले होते?"
"आले. पण असे हळू. तुझा बाबा असा हळू कधी देत नव्हता. मला वाटलं ओहोटीचं पाणी खेचतंय." हात पसरून दाखवले. "एवढा एक वाव दोर सैल सोडला मी."

पसरलेले हात बघत राहिले. एक वाव म्हणजे दोन मीटरच्या आसपास.

त्यांच्यावर ओरडायचं म्हणून किती वर्षं वाक्यं तयार ठेवली होती. आता कुठल्या तोंडाने म्हणू? मी काय वेगळं केलंय? त्यांनी हाताने केलं, मी सहा ओळींत केलं. रडले. तेही रडले. आंटीने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली.

शुक्र. १९ सप्टें.
सकाळी सहा ओळी काढून टाकल्या. दुपारी हिसके मोठे झालेत, आवस जवळ आली. हिशोब असा : दरवाजाची तळाची झडप कुठेतरी फुटली असणार, उधाणाच्या ओहोटीला पाणी तिथून खेचलं जातं. माणूस तिथे गेला तर त्यालाही खेचेल. हे पटतं. सगळं पटतं. फक्त चारच का, हे हिशोबात बसत नाही.

शनि. २० सप्टें.
सरांना सांगितलं, झडप तपासल्याशिवाय साळवीला उतरवू नका. ते म्हणाले, "पुरावा?" ग्राफ दाखवला. "हा तर तूच नॉइज म्हणून गाळला होतास. सही आहे तुझी." आहे खरी. म्हटलं, फायनलच्या कागदावर सही करणार नाही. "मग दुसरं कोणी करेल. साळवी सोमवारी उतरणार." वाईट माणूस नाही. घाबरलेला आहे.

साळवीला सगळं सांगितलं, बाबांचंसुद्धा. तो म्हणाला, "माझ्या आवशीने, आईने, सांगितलं होतं, अवसेक पाण्यात जाव नको. सोमवारी आवस संपते म्हणून मी गप्प होतो." मग म्हणाला, "उद्या मी येतो. धक्क्यावर. खाली नाही."
उद्या पुरावा आणायचा. जे काही आहे ते.

रवि. २१ सप्टें., सर्वपित्री
सकाळी स्वयंपाकघरात वडे, खीर, भोपळ्याची भाजी. ओट्यावर केळीचं पान धुऊन पुसून ठेवलेलं. रिकामं. मी काहीच बोलले नव्हते. गिरगावचंही नाही. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "थंय पाणी कसां आसा?"
"गढूळ."
"तू इलंस काय बघतंय," म्हणाली. म्हणजे पान वाढायचं की नाही, ते मी परत आल्यावर.

दु. १२.५०, धक्का
साळवी आणि मी, बाकी कोणी नाही. पाऊण वाजता ओहोटी लागली. मुशी दरवाजाशी, कॅमेऱ्यात नुसता गाळ. चार आले. इतके स्पष्ट की साळवी केबलपासून मागे सरकला.
विंच हातावर घेतला आणि चार परत दिले.

हिसके थांबले. पाणी अजून ओढत होतं, केबलवर मात्र ताण नव्हता. मग एकच हिसका आला.
साळवी म्हणाला, "मॅडम, ओढा." ओढायला लागले.

१.०५
विंच थांबवून लिहितेय. पाण्यात मुशीचं वजन जवळपास शून्य असतं. विंचवरचा वजनाचा आकडा एकवीस किलोवर आहे, हलत नाही. जाळं असेल. गाळाचा गोळा, झडपेचा तुकडा, काहीही. काहीही असलं तरी सरांना दाखवायला पुरेल, साळवी उद्या उतरणार नाही.

वर यायला तीन मीटर राहिलेत. इथे मी ब्रेक लावला. पाणबुड्याला वर घेताना तीन मीटरवर पाच मिनिटं थांबवतात, नाहीतर अंगात हवेचे बुडबुडे होतात. बाबांनी शिकवलं होतं, मी पाचवीत असताना, बादलीत चमचा बुडवून. यंत्राला याची गरज नसते. हात आपोआप ब्रेकवर गेला. साळवीने टोपी काढून हातात धरलीय.

आईचा फोन वाजतोय. पानाचं विचारत असणार.
अजून दोन मिनिटं आहेत.