ओट्याचं तोंड पूर्वेला

बुलढाणा
१२ डिसेंबर २०२४

ती. रुक्मिणीआत्यास,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा डब्यात ठेवून दिलंस, हे बाबांकडून कळलं. म्हणजे फोनवर मी ओरडणार, शेजाऱ्यांना सगळं कळणार आणि तू हो-हो करणार. त्यापेक्षा कागद बरा.

मागच्या वर्षीचं आमचं राजाराणीचं नाटक आठवतं ना? ट्रकभर प्लायवूड, थर्माकोलचा राजवाडा, गावोगावी फ्लेक्स आणि मागे धूर सोडणारा जनरेटर. पिंपळगाव राजा या गावी प्रयोग संपवून आम्ही जेवायला बसलो आणि तेवढ्यात एका शेळीनं राजवाड्याचा कळस खाल्ला. शेळीला काही झालं नाही, पण तिच्या मालकिणीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. तिचं म्हणणं असं, की तुमचं नाटक घटकाभराचं, अन् हा कचरा आमच्या गावात जलमभर. तेव्हाच ठरवलं, की पुढचं नाटक गावात काही टाकून येणार नाही.

तर नवं नाटक तयार आहे. एक वरात रस्ता चुकते आणि भलत्याच गावात जेवायला बसते, अशी गोष्ट. आमची संजीवनी नवरी झाली आहे. एक ट्रंक घेऊन आम्ही सगळे एसटीनं येणार. बाज, घागरी, पडद्याऐवजी गोधड्या, हे सगळं त्या त्या गावातून मागून घ्यायचं आणि प्रयोग झाला की ज्याचं त्याला द्यायचं. फ्लेक्स नाही, जनरेटर नाही. प्रयोग दुपारी चारला, उन्हाच्या उजेडात. पहिला प्रयोग १९ जानेवारीला तुझ्या वडनेरला करायचा आहे, आणि गावातली सगळी जमवाजमव तुझ्या गळ्यात घालते आहे. नाही म्हणू नकोस.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तुझ्या गल्लीतला मतीन. कॉलेजात आम्ही मंडळी जमवली तेव्हापासून आमच्या नाटकांचे लाइट त्याचेच. जनरेटर नको म्हटल्यापासून तो माझा फोन उचलत नाही. त्याच्याशिवाय मी एकही नाटक केलेलं नाही. जरा बघशील का?

घागरी मागताना गावात भांडणं लावू नकोस. लोभ आहेच, तो गोधड्यांसकट वाढावा.

तुझी,
अर्पिता


वडनेर भोलजी
२१ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास,
रुक्मिणीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

भांडणं मी लावली नाहीत, ती आपोआप लागली. मी फक्त दोन गोधड्या मागितल्या. मग एकीची घेतली आणि दुसरीची नाही असं व्हायला नको, म्हणून आज माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. बाजा तर एवढ्या आल्या आहेत, की तुझी अख्खी वरात निजू शकेल.

ओट्याचं कामही उरकलं. शाळेजवळच्या मैदानात कडूलिंबाखाली जुना पडका ओटा होता. पोरांना कामाला लावून तो मातीनं बांधून घेतला, सारवला आणि नारळ फोडला. तोंड अर्थातच पूर्वेला ठेवलं आहे. शुभकार्य आहे, दुसरीकडे कुठे ठेवणार?

आता मतीनचं ऐक. रोज चहाला येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि तुझं नाव निघालं की कप विसळायला उठतो. मला वाटलं होतं, काम गेल्याचं दुःख असेल. पण लग्नसराईत त्याला कामाची वाण नाही. शेवटी त्याच्या आईनं सांगितलं. बानो म्हणाली, की नाटक सुरू व्हायच्या आधी तू माईकवर सगळ्यांची नावं पुकारतेस ना, त्यात ‘प्रकाशयोजना, मतीन शेख’ असं येतं, आणि तिचा पोरगा दर वेळी अंधारात उभा राहून ते ऐकतो. आता लाइट नाहीत म्हणजे नावही नाही. गावात त्याला सगळे जनरेटरवाला म्हणतात. तेवढ्या एका वाक्यापुरता तो कलाकार असतो. त्याचे वडील हबीबभाई गेले त्या वर्षीसुद्धा त्यानं तुझा एक प्रयोग चुकवला नव्हता, हे विसरू नकोस.

मला तर फार वाईट वाटलं. कचरा टाकून जायचा नाही हे ठीक, पण माणूस टाकून जायचा का? विचार कर. जेवत जा वेळेवर.

तुझी बहिरी, पण आंधळी नसलेली,
आत्या


बुलढाणा
२८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग कपाळावर हात मारला. रडले मतीनसाठी आणि कपाळावर हात तुझ्यासाठी.

अगं आत्या, पूर्वेला तोंड! चार वाजता सूर्य पश्चिमेला असतो. म्हणजे तो नटांच्या पाठीशी येणार आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जाणार. गाव डोळे चोळत बसेल आणि संजीवनीचा चेहरा तव्यासारखा काळा दिसेल. ओटा आता फिरवता येत नाही आणि तू नारळही फोडून बसलीस.

मतीनचं नाव मी नुसतं मान म्हणून पुकारू शकते, पण त्याला ते लगेच कळेल आणि तो जास्तच दुखावेल. त्याला खरं काम हवं. सुचत काहीच नाही. एक कर, त्याला तो ओटा दाखव. माझं नाव काढू नकोस, तुझीच अडचण म्हणून सांग. उजेडातलं त्याच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही.

आशीर्वाद असू दे, या वेळी जरा पश्चिमेकडचाही.

तुझी,
अर्पिता


वडनेर भोलजी
६ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आ. वि. वि.

मतीननं मला हे तुला कळवू नको म्हणून बजावलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

त्याला संध्याकाळी मैदानात नेलं. कपाळावर हात धरून तो उन्हाकडे बघत राहिला आणि मग जो हसायला लागला तो थांबेना. मला म्हणाला, आत्या, तुमी त सूर्यालेच विंगेत उभं केलं! महिनाभरानं त्याला हसताना पाहिलं. तुझ्यासाठी करतो असं काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सलूनमधला मोठा आरसा उसना घेऊन मैदानामागच्या घराच्या गच्चीवर चढला. गोधड्यांचा पडदा बांधला की बसलेल्यांच्या डोळ्यांवरचं ऊन अडतं, आणि मागच्या गच्चीवरून आरशानं तेच ऊन ओट्यावर फेकता येतं. मी ओट्यावर उभी राहिले. चेहऱ्यावर असा उजेड आला, की मी पदर सावरला.

एक आरसा पुरेना, म्हणून तो घरोघरी मागायला निघाला. पण आरसा कोण परक्याच्या हाती देतं? तडकला तर घराला अपशकुन. बाया म्हणाल्या, की आरसा हवा तर आम्हीच घेऊन येऊ, हातचा सोडणार नाही. मतीन म्हणाला, मग या. आता रोज दुपारी गच्चीवर तालीम असते. बानो सगळ्यांची पुढारी. मतीननं रुमाल वर केला की आरसे वर, खाली केला की पदराखाली. काल एकीनं चुकून सगळं ऊन शाळेच्या वर्गात फेकलं, मास्तर फळा सोडून बाहेर आले.

तू आलीस की काही माहीत नसल्यासारखं दाखव. तुला ते जमत नाही, पण प्रयत्न कर.

तुझी,
आत्या


बुलढाणा
२३ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू पहिल्या रांगेत बसली होतीस, म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला दिसलं नाही. आणि यंत्र डब्यात, म्हणून पुढे काय झालं ते ऐकू आलं नाही. तेव्हा तुझ्याच गावातला प्रयोग तुला पत्रानं कळवते आहे.

उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे चारला यायचे ते पावणेपाचला आले. त्यांनी खिशातून कागदांची गड्डी काढली आणि पर्यावरणावर बोलायला लागले. आत्या, भाषण पर्यावरणावर आणि इकडे आमचा सूर्य चालला खाली! मी विंगेत हात चोळत उभी. पाहुण्यांना थांबवायचं कुणी? माझा धीर सुटला. पोराला पाठवून मतीनला निरोप दिला, की जनरेटर आण, माझा हट्ट गेला खड्ड्यात. त्यानं उलट निरोप पाठवला, की जनरेटर येनार नाई, तू नवरीले तयार ठेव.

आणि त्यानं रुमाल वर केला. गच्चीवरचे सगळे आरसे एकदम पाहुण्यांच्या तोंडावर! त्यांनी डोळे मिटले, कागद आडवा धरला, डावीकडे सरकले. ऊन डावीकडे. उजवीकडे सरकले, तर बानोचाचीचा आरसा आधीच तिथं. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले, जय महाराष्ट्र म्हटलं आणि खाली बसले. तुला वाटलं भाषण छोटं होतं, आणि तू उठून त्यांची पाठ थोपटलीस! ते फार खूश झाले.

मग नाटक झालं. ऊन उतरत गेलं तसे आरसे एकेक गच्ची वर चढत गेले. संजीवनीचं शेवटचं बोलणं चाललं होतं तेव्हा सगळं मैदान सावलीत होतं, आणि फक्त तिच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड. तिनं वाक्य संपवलं आणि तो गेला. असा प्रकाश मी पुण्यातल्या थिएटरातही पाहिलेला नाही.

नावं मी या वेळी मुद्दाम शेवटी पुकारली. आधी पुकारली असती तर भर उन्हात प्रकाशयोजना म्हटल्यावर लोक हसले असते. शेवटी ‘प्रकाशयोजना, मतीन शेख’ म्हटलं आणि अख्खं गाव उठून मागे वळलं, गच्च्यांकडे. टाळ्या थांबेनात.

तुझ्या गोधड्या, बाजा, घागरी, सगळं ज्याचं त्याला पोचलं ना? मैदानात आम्ही पायांचे ठसे तेवढे सोडले. मतीन मात्र त्या गडबडीत न भेटताच निघून गेला. पुढचा प्रयोग मोताळ्याला आहे. तो येईल का, हे विचारायचं धाडस होत नाही.

तुझी,
अर्पिता


वडनेर भोलजी
३० जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आ.

सगळं पोचलं. एका गोधडीवरून दोघींचं भांडण आहे, पण ते आधीपासूनच होतं. पाहुण्यांची पाठ थोपटली हे कुणाला सांगू नकोस. आणि ओट्याचं तोंड मी चुकीचं ठेवलं असं पुन्हा म्हणू नकोस. शेवटी सगळ्या गावाचं तोंड पूर्वेलाच झालं ना? उरलेल्या कागदावर दुसरं कुणी लिहितं आहे. मी समोर बसून आहे.

तुझी,
आत्या


अर्पिता,
सलाम अन् नमस्कार. वि. वि.

आत्यानं पेन हातात देल्ला, म्हून लिहून राह्यलो. नवा कागद घेतला नाई, तुले आवडंल. तुहा फोन मी काऊन उचलत नव्हतो ते सांगतो. मले वाटलं, जनरेटर गेला त मीबी गेलो. राग नव्हता बाप्पा, जीव तुटला होता. त्या दिवशी तू नाव पुकारलं अन् मले तुह्यासमोर उभं राहता आलं नाई, रडू येत होतं, म्हून पळालो.

अम्मी तवा गच्चीवरच होती. दोन्ही हातांत आरसा, म्हून तिले टाळी वाजवता आली नाई. घरी आल्यावर आरसा खुंटीले लावला अन् मंग वाजवली, एकटीनंच.

मोताळ्याले आमी दोघंबी येतो. तिथल्या बायायले शिकवाले अम्मीच पाह्यजे. ओट्याचं तोंड कोनीकडे आहे ते पयले कळवजो. अन् भाषन कोन करनार आहे तेबी कळवजो, म्हंजे आरसा केवढा आनाचा ते ठरवतो.

तुहा,
मतीन शेख
प्रकाशयोजना