दोन घरांचं सांत्वन

३ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, म्हणून रागावला असशील. खुशाल रागाव, फक्त गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असताना नको.

काल नेते सांत्वनाला येऊन गेले. आधी दुसऱ्या घरी जाणार, मग संध्याकाळी माझ्याकडे, असं कळवलं होतं. तिकडच्या पुलावर वाहनं अडकली म्हणून त्यांचा ताफा ऐनवेळी इकडे वळला आणि सकाळीच दारात गाड्या लागल्या. मी चपला घालून दुकानात निघाले होते. घरी बसवत नाही रे. भिंगं घासत बसलं की निदान हात तरी गुंतलेले राहतात. पुढे आलेल्या माणसांनी मला परत आत नेलं, सोफा खिडकीकडे सरकवला, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. एकाने टिल्लूच्या फोटोची काच स्वतःच्या रुमालाने पुसली. कॅमेऱ्यात चमक नको म्हणे.

नेते मात्र माणूस म्हणून वाईट वाटले नाहीत. बसण्याआधी मदतनिसाने त्यांच्या हातात एक छोटं कार्ड दिलं. ते त्यांनी वाचलं, खिशात ठेवलं आणि माझा हात धरला. म्हणाले की तुमचा मुलगा ठाण्यावर रोज संध्याकाळी गायचा आणि सगळी तुकडी भोवती जमायची. त्या रात्रीही गाऊन झोपला. स्फोट झाला तेव्हा तो गाढ झोपेत होता, त्याला काहीच कळलं नाही, वेदनेचा क्षणसुद्धा त्याच्या वाट्याला आला नाही.

शवपेटी उघडू दिली नव्हती, तू होतासच. तेव्हापासून मी रोज त्याला वेगवेगळ्या तऱ्हेने मरताना बघत होते. काल पहिल्यांदा झोप लागली. कोणी काही म्हणो, त्या माणसाने मला झोप दिली.

एकच कोडं आहे. आपला टिल्लू आणि गाणं? शाळेच्या समूहगीतात बाईंनी त्याला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. उंच दिसतो म्हणून मागच्या रांगेत उभा केला होता, एवढंच. तिकडे जाऊन शिकला असेल का? आज त्याच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. मी दार उघडलं नाही.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. भिंगबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुला टीव्हीवर पाहिलं. दुकानात एका शिंप्याची दाढी अर्धी झाली होती, तो तसाच फेसासकट उभा राहिला. मग सगळेच उठले. तुझे केस फार पांढरे दिसले. सुट्टीत ये, तुझी वहिनी मेंदी भिजवून ठेवेल. तुझा भाऊ न्हावी असून ही दशा म्हणजे माझ्या धंद्याची बदनामीच.

गाण्याचं डोक्यात घेऊ नकोस. पोरं परमुलखात काय काय शिकतात. मी लष्करी छावणीत केस कापायचो तेव्हा एक आडदांड गडी बाकीच्यांचे स्वेटर विणून द्यायचा. खोलीतलं गुणगुणणं म्हणजे शेजारचा रेडिओ असणार. खिडकी लावून घेत जा.

वर्तमानपत्रात त्या दुसऱ्या घराविषयीही आलंय. ती बाई बस डेपोत माईकवर गाड्या पुकारते. त्याच ठाण्यावर, त्याच रात्री तिचाही मुलगा गेला. गंमत बघ, नेते तिला म्हणाले की तुमचा मुलगा सोबत्यांचे मोडलेले चष्मे तारेने बांधून द्यायचा, अर्धी तुकडी त्याच्यामुळे नीट बघू शकायची. वाचून मला आपला टिल्लूच आठवला. तुझ्या दुकानात फरशीवर बसून काड्या वाकवायचा तो. दोघांची चांगली गट्टी असणार.

जेवत जा. पत्र लवकर टाक.

तुझा दादा

१३ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दादा, तू इतका हुशार, आणि लिहिताना तुझ्या लक्षात आलं नाही? की आलं होतं, आणि मला कळू नये म्हणून ‘गंमत बघ’ म्हणालास?

तो माझा टिल्लू आहे. चष्मे बांधणारा माझा आहे. गाणारा तिचा असणार. घरांचा क्रम बदलला, कार्डं मात्र ठरल्या क्रमानेच बाहेर निघाली. माझं पोर तिच्या घरी सांगून झालं आणि तिचं माझ्याकडे. आता खोलीत गाणं ऐकू आलं की माझ्या अंगावर काटा येतो. कोणाचा तरी मुलगा माझ्या घरात येऊन गातोय आणि त्याला ऐकायला त्याची आई इथे नाही.

मी तिला पत्र टाकलंय, डेपोच्या पत्त्यावर. घाबरू नकोस, अदलाबदलीचं काही लिहिलेलं नाही. मुलं एकत्र होती, तर नेते तुमच्याकडे काय काय म्हणाले ते सगळं कळवा, एवढंच विचारलंय. तू म्हणशील, कशाला उकरतेस. पण वर्तमानपत्रात चष्म्यांपुरतंच आलंय. माझ्या मुलाचं उरलेलं सगळं त्या बाईकडे आहे आणि ते मला हवंय.

वहिनीच्या गुडघ्याला शेक देत जा, नुसती चेष्टा करू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझी धाकटी

२४ मार्च

ताईंना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र डेपोत आलं आणि मी ते माईकसमोर बसूनच वाचलं. एक गाडी न पुकारताच सुटली आणि लोकांनी मला शिव्या घातल्या. घालू देत. त्या रात्रीचं दुःख ज्याला कळेल असं या शहरात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात.

तुम्ही सगळं विचारलंत म्हणून सगळं लिहिते. नेते म्हणाले, तो चष्मे दुरुस्त करायचा. मला नवलच वाटलं, कारण आमच्या घरात चष्मा कोणालाच नाही. मग म्हणाले की तो फार शूर होता. स्फोटात सापडला तरी लगेच गेला नाही. वादळामुळे जखमींना न्यायचं विमान उडू शकलं नाही, म्हणून उजाडेपर्यंत तो तसाच होता. शुद्धीत होता आणि सारखा आईला हाक मारत होता. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं असेल, आईला हे ऐकून बरं वाटेल.

ताई, मला बरं वाटत नाही. मी गाडी पुकारायला तोंड उघडलं की मागून हाक येते. वळते, तर फलाटावर रोजचीच माणसं. साहेबांनी दोनदा समज दिली. माझ्या जागी दुसरी मुलगी बघताहेत असं कानावर आलंय. ही नोकरी गेली तर घरी बसून मी फक्त तेच ऐकत राहीन.

आणखी एक सांगू? माझा मुलगा इतका गायचा की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. पाळण्यात असल्यापासून गायचा. त्याबद्दल नेते एक शब्दही बोलले नाहीत. तिकडे जाऊन त्याने गाणं सोडलं होतं का? तुमच्या मुलाने कधी काही लिहिलं होतं का?

तुमचा मुलगा तरी लवकर सुटला ना? तसं असलं तर मला मनापासून आनंद होईल, खरंच.

ओळख ठेवा, मला तिची गरज आहे.

तुमची बहीणच

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तिच्या पत्राची नक्कल पाठवलीस. मी ती एकदाच वाचली, पुन्हा हातात घेववत नाही. काल दुकान बंद ठेवलं. तुझ्या वहिनीने कारण विचारलं तर कात्रीला धार लावायचीय म्हणालो.

मी नेत्यांच्या कार्यालयात फोन केला. पुष्कळ हातांतून फिरून एकदाचा तो मदतनीस बोलला. कार्डं बदलली गेली, हे त्याने कबूल केलं. छोटीशी गफलत झाली म्हणाला. तुमची इच्छा असेल तर साहेब पुन्हा येऊन सांत्वन करतील, हेही म्हणाला. मी त्याला काय म्हणालो ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

आता माझं ऐक. तुझ्या वाट्याला झोपेतलं मरण आलं. तू मागितलं नव्हतंस, चोरलंही नाहीस. तिने तिच्या वाट्याचं तसंही ऐकून घेतलंय. तिला खरं कळलं म्हणून कोणाचा मुलगा परत येणार आहे? तिला एवढंच लिही की मुलगा गात होता, माझ्या टिल्लूने तसं कळवलं होतं. बाकीचं राहू दे. देवाने चुकून दिलेलं परत करायला जाऊ नकोस. मी स्वार्थी बोलतोय, मला माहीत आहे. मी तुझा भाऊ आहे, तिचा नाही. त्या पोराला खांद्यावर घेऊन मी जत्रेत हिंडलोय, त्याची ती रात्र मलाही नकोय.

लिहिण्याआधी मला एकदा कळव. एवढं ऐकशील?

तुझा दादा

६ एप्रिल

प्रिय बहिणीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र डेपोत वाचू नका. घरी जा, पाणी प्या, मग वाचा. माझ्या दादाला न कळवता लिहिते आहे. तो रडेल आणि मग माझा निश्चय टिकणार नाही.

तुमच्या मुलाने गाणं सोडलं नव्हतं. तो रोज संध्याकाळी गायचा आणि सगळी तुकडी त्याच्याभोवती जमायची. त्या रात्रीही तो गाऊन झोपला. स्फोट झाला तेव्हा गाढ झोपेत होता. त्याला काही कळलं नाही, काही दुखलं नाही. हे नेत्यांनीच सांगितलं, पण चुकून माझ्या घरी. पुलावर गाड्या अडकल्या, घरांचा क्रम बदलला, कार्डं बदलायची राहिली. माझ्या दादाने विचारून खात्री केली आहे. तुमच्या मुलाची सुखाची झोप इतके दिवस माझ्याकडे होती. मी तिच्यावर झोपलेसुद्धा. त्याबद्दल मला माफ करा.

चष्मे बांधणारा माझा होता. मी भिंगं घासते, तो माझ्या पायाशी बसून ते काम शिकला. म्हणजे पुढचंही सगळं त्याचंच.

तुम्हाला हे लिहू नये असं मला फार वाटलं. भीती वाटली म्हणून वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय, ‘तो शेवटी मला हाक मारत होता’ एवढा एकच आधार धरून तुम्ही दिवस काढत असाल आणि मी तोही काढून घेत असेन, तर काय करावं हेही कळेना. पण इतके दिवस माझा मुलगा हाका मारतोय आणि वळून बघणारी बाई दुसरीच आहे. हे मला सहन होत नाही. तुम्ही वळता आणि त्याला तुमचा चेहरा दिसतो. तो आणखी घाबरत असेल.

तेव्हा उद्यापासून मागून हाक आली तर वळू नका. निर्धास्तपणे गाडी पुकारा. ती हाक माझी आहे. तो रात्रभर मला बोलावत होता आणि मी इकडे काही न कळता झोपले होते. आता मी त्याला ओ देते आहे.

लोभ जडला आहे, तो सोडू नका.

आपली,
टिल्लूची आई