ऑब्झर्व्हवर ठेवलेली गाठ

३ जून, सकाळी ६.४०
आंघोळ करताना डाव्या छातीत, बोंडाच्या मागे गाठ लागली. शेंगदाण्याएवढी. टणक. दुखत नाही, म्हणजे निरुपद्रवी. कारण उघड आहे: ऑफिसच्या बॅगेचा पट्टा. उद्यापासून बॅग उजव्या खांद्यावर. विषय संपला.

४ जून
बॅग डाव्याच खांद्यावर गेली. सवय. उद्यापासून नक्की.

५ जून
नागपूरहून अरुणाताईचा फोन. गेल्या वर्षी तिचा स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पण रक्ताच्या तपासणीत बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष सापडलाय. तो आईकडून किंवा बाबांकडून आलेला, म्हणजे माझ्यातही असू शकतो, आणि माझ्यात असला तर माझ्या मुलीत, अंतरातही. तपासून घ्या, म्हणते. मी सांगितलं की हा बायकांचा आजार आहे. त्यावर ती म्हणाली, शंभर पेशंटांत एखादा पुरुष असतो. म्हणजे नव्याण्णव नसतात, एवढं गणित मला येतं.
गाठीचं बोललो नाही. बायकोला, विनयाला आणि अंतराला या फोनचंही सांगितलं नाही. अंतरा सव्वीसची, लग्नाचं बघतोय. उगाच घर डोक्यावर घेतील.

११ जून
गाठ आहे. माझं सगळं आयुष्य रुळांच्या आतले दोष अल्ट्रासॉनिक मशीनने शोधण्यात गेलं. छोटा दोष सापडला की आम्ही रुळावर लाल फुली मारतो, रजिस्टरमध्ये ‘ऑब्झर्व्ह’ लिहितो. लगेच रूळ उपटत नाही. गाठीलाही तोच नियम लावला. निरीक्षणाखाली. फार शास्त्रीय वाटलं.

२९ जून
ताईचा पुन्हा फोन. मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. रविवार होता, हे तिच्या लक्षात आलं असावं.

७ जुलै
मलिहाबादहून दसहरी आंब्यांची पेटी आणली. बनियनवर डाव्या बाजूला लालसर डाग दिसला. आंब्याचा रस. विनया म्हणाली, आंब्याचा रस लाल कधीपासून झाला. बायकोने नवऱ्याचे बनियन इतके न्याहाळू नयेत.

१९ जुलै
एका ज्युनिअर इंजिनिअरला मेमो दिला. ऑब्झर्व्हवर टाकलेल्या रुळाला त्याने महिनाभर आधाराची लोखंडी पट्टी लावली नव्हती. मी लिहिलं की निरीक्षण म्हणजे विसरून जाणं नव्हे, भेग आतल्या आत वाढत राहते. भाषा कडक झाली. मेमो तीनदा वाचला.
(गाठ आता सुपारीएवढी. बोंड किंचित आत ओढलंय. वय.)

५ ऑगस्ट
विनयाची मॅमोग्राफी आहे, निशातगंजच्या एका सेंटरमध्ये, सोबत या म्हणाली. जाणार. माझ्यासारखा नवरा किती जणींना मिळतो?

६ ऑगस्ट, दुपारी
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
काउंटरवर नाव पुकारलं ते माझं. अपॉइंटमेंट माझ्याच नावाची होती. फॉर्मवर आधीच ‘श्रीमती’ छापलेलं, गाऊन गुलाबी. रिसेप्शनवरच्या मुलीने मला विचारलं, पेशंट कहाँ हैं? विनयाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तीस वर्षांचा संसार, आणि ही बाई मला खोटं बोलून घेऊन आली. अंतराही कटात सामील, फॉर्म तिनेच ऑनलाइन भरलेला. वर मला म्हणते, बाबा, ड्रामा मत करो. इकडे हिंदीत वाढली, तरी घरात मराठीत बोल म्हणून वीस वर्षं सांगतोय, तेही ऐकत नाही.
मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. माझ्याच अंगावर अल्ट्रासॉनिक. डॉक्टरीणबाईंनी काखही तपासली आणि विचारलं, कब से है? मी सांगितलं, पंधरा दिवस. लगेच सुईने तुकडा काढला.
विनयाशी बोलणं बंद.

७ ऑगस्ट
विनयाशी बोललो. चहा मिळत नव्हता.

१४ ऑगस्ट
बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे, दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांतून सुरू होऊन बाहेर शिरलेला. पुरुषांत हाच प्रकार जास्त, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला या नळ्या आहेत हे पंचावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. काखेतल्या एका गाठीपर्यंत पोचलाय, पुढे फुप्फुसात किंवा हाडांत दिसत नाही. ऑपरेशन, मग केमो. लवकर आला असता तर काख वाचली असती, म्हणाल्या. विनया माझी फाइल धरून बसली.
माझ्या शरीरानेही मला कळवायला हवं होतं. निदान दुखायचं तरी.

३० ऑगस्ट
ऑपरेशन झालं. डावा हात वर जात नाही. अंतरा रोज व्यायाम करून घेते. ताई नागपूरहून येणार म्हणते. मी नको म्हटलं. तिला इथे कशाला आणायचं.

९ सप्टेंबर, संध्याकाळी
ताई आली. जेवताना विनयाला म्हणाली की याला मी जूनपासून सात वेळा फोन केला, अंतराची तपासणी करून घ्या म्हणून.
विनया उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली नाही. अंतराने ताईला जीनचं सगळं नीट विचारून घेतलं, कागदावर लिहूनही घेतलं. माझ्यात दोष असला तर तिच्यात असण्याची शक्यता पन्नास टक्के. मग माझ्याकडे वळून म्हणाली, मुझे तो बता देते, बाबा. आवाज चढला नव्हता. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, तुझ्या लग्नाचं बघत होतो वगैरे. तेवढं तयार होतं माझ्याकडे.

१२ सप्टेंबर
आज आम्हा दोघांचं रक्त घेतलं. अंतराला एकाच रिक्षाने जाऊ म्हटलं तर म्हणाली, आपकी मर्ज़ी.
रिपोर्ट तीन आठवड्यांनी. बाहेर बाकावर तिच्या बॅगेसकट बसलो होतो. मला लाज वाटली. रडूही आलं, पण रुमाल घरी राहिला होता. आज कुणाबद्दल तक्रार लिहावी, सुचत नाही.