लोणी तांबूस झाल्याचा आवाज

४ मार्च, सोमवार

नाकाच्या डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहिते आहे. हौस नाही. तापातून उठून सहा आठवडे झाले, मला कशाचाच वास येत नाही. "रोज एक ओळखीचा वास मन लावून घ्या आणि काय जाणवलं ते लिहून ठेवा. कधीकधी परत येतो." कधीकधी म्हणजे शंभरात किती, असं विचारलं. ते नुसते हसले. मला आकडा हवा होता.

एकतीस वर्षं दूध डेअरीच्या फाटकावर उभी राहिले. टँकरचं झाकण उघडायचं, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा – आत किंवा परत. ड्रायव्हर मागून 'नाकवाल्या बाई' म्हणायचे. मला माहीत होतं. आवडायचंही.

वास निवडला – तांबूस लोण्याचा. लोणी मंद आचेवर कढवत राहायचं. तळाची बेरी बदामी झाली की खमंग सुटतो. त्याच क्षणी उतरवायचं, नाहीतर करपलंच. या लोण्याच्या कुकीज लेकीला लहानपणापासून आवडतात. ती सतरा तारखेला येते आहे.

नाकाचं तिला सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला बजावून गेली आहे – "आई, एकदा जरी तुझ्या हातून काही राहिलं, तर मी ऐकायची नाही. सरळ आमच्याकडे." तिच्या घरी मला खोली आहे, माया आहे आणि विहीणबाई आहेत. त्या ओल्या चमच्याने साखर काढतात.

५ मार्च

पहिला घाणा. वास – शून्य. वाट बघत बसले, तोवर लोणी कोळसा. टाकवेना म्हणून त्याच्याच कुकीज केल्या आणि समोरच्या शिंप्याला दिल्या. "छान आहेत हो बाई."

६ मार्च

छान म्हणजे काय, विचारलं. खमंग की करपट? "दोन्ही थोडं थोडं." हा माणूस माझ्या हाताखाली एक पाळी टिकला नसता.

८ मार्च, शुक्रवार

शिंप्याला तक्ता आखून दिला. रंग, कुरकुरीतपणा, वास – प्रत्येकी दहापैकी गुण. संध्याकाळी परत आला. सगळीकडे दहा. शेऱ्याच्या रकान्यात 'आभारी आहे'.

तासाभराने खिडकीतून पाहिलं, तर महाशय माझी कुकी गल्लीतल्या कुत्र्यापुढे धरून उभे. कुत्र्याने हुंगलं आणि तो निघून गेला. या गल्लीत खरा तपासनीस तो एकच.

१० मार्च, रविवार

शिंप्याला फैलावर घेतलं. मान खाली घालून म्हणाला, "तोंडावर वाईट कसं म्हणू? तुम्ही माझ्या शिवणाला कधी नावं ठेवली नाहीत." ठेवली होती. बाहीवरून, दोन दिवस. विसरलेला दिसतो.

मग हळूच – "बाई, तुम्हाला वास येत नाही ना?"

कुणी सांगितलं?

"परवा माझ्या इस्त्रीखाली कापड जळालं. धुराच्या वासाने अर्धी गल्ली गोळा झाली. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या राहून मला काजाचं माप सांगत होतात."

लेकीला कळता कामा नये, म्हटलं. "नाही कळणार. लोकांची पोटं झाकण्यात जन्म गेला माझा." हसू आलं. दाखवलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

अक्कल जरा उशिरा आली. नाक नाही, पण कान आहेत! लोण्यात पाणी असतं. ते असेतो लोणी तडतडतं. पाणी आटलं की एकदम गप्प. तिथून चाळीस मोजायचे. गल्लीचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, कान पातेल्याकडे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस – उतरवलं. बेरी बदामी!

शिंप्याने तीन खाल्ल्या. कुत्र्याने दोन. कुत्र्याचं मत ग्राह्य धरलं.

१४ मार्च, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

खिडक्या लावलेल्याच होत्या. लोणी छान उतरलं. त्याच शेगडीवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत मैदा तोलायला बसले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच. मला पत्ता नाही. उठून विजेचा ओव्हन लावायला निघाले, तेवढ्यात दारावर धडाधड. आतूनच सुनावलं – आज तक्ता नाही!

"बाई, कडी काढा आधी! गॅसचा वास जिन्यापर्यंत आलाय!"

शिंप्याने आत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. तो गेल्यावर मी ते बटण चारदा तपासलं.

१६ मार्च

वास – शून्य. ड्रायव्हर गयावया करायचे, "बाई, आजच्या दिवस घ्या, पुन्हा नाही होणार." एकाही टँकरला कधी सूट दिली नाही.

१७ मार्च, रविवार

लेक आली. बूट काढायच्या आत डबा उघडला. चार खाल्ल्या. "आई, अगदी तीच चव!" म्हणजे सुटले होते. शिंपी दारात उभा राहून स्वतःच्या चपला बघत होता. तो बोलणार नव्हताच.

मी सांगितलं. नाकाचं, आणि चौदा तारखेचंही.

कुकी हातातच राहिली तिच्या. मग म्हणाली, "बॅग भर."

नाही म्हटलं. गॅस काढून टाकते, विजेची शेगडी आणते; दूध विझवेल अशी ज्योतच नको.

"आणि कडी? काका आले नसते तर? आले तरी बाहेरच उभे ना! तुला आत काय झालं ते कुणाला कळणार?"

ती रडत होती. एवढी मोठी बाई, तोंडाला चुरा लागलेला.

"उद्या चारला माझी गाडी आहे. तोवर उत्तर दे, नाहीतर तिकीट दोघींचं."

शिंपी केव्हा निघून गेला, दोघींनाही कळलं नाही.

१८ मार्च, सोमवार

सुपूर्द केल्याची नोंद.

गॅसवाल्याच्या माणसाकडे – सिलिंडर दोन, रेग्युलेटर एक, नळी एक. पावती घेतली.

लेकीकडे – कुकीजचा डबा एक. तिकीटही एकच काढलं.

आतली कडी सुताराकडून काढून घेतली.

समोरच्या शिंप्याकडे – माझ्या दाराची दुसरी किल्ली, एक. पावती मागितली नाही.