गहू परत आणायचा नाही

बाबा, ‘कीप’ या साध्या इंग्रजी शब्दाला स्लोव्हाक भाषेत एकच एक शब्द नाही. तुम्ही असता तर ओट्याशी कांदा चिरता चिरता म्हणाला असता, “बरं, मग कोणकोणते आहेत?” कोणी वस्तू देऊन ‘तुलाच ठेव’ म्हणालं तर न्येखात्य. हातात धरून ठेवायचं तर दृझात्य. दिलेला शब्द पाळायचा तर दोदृझात्य. कोंबड्या पाळायच्या तर खोवात्य. डोकं शांत ठेवायचं तर आणखी वेगळा. त्या देशातल्या एका लहान गावात, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मी दोन वर्षं होते, आणि यातले बहुतेक शब्द मला माझ्या घरमालकीणबाईंनी शिकवले. त्यांच्या परसात कोंबड्या होत्या. ईस्टरच्या आधी त्या उपास करायच्या आणि त्यालाही दृझात्यच म्हणायच्या. आपण उपास धरतो, अगदी तसं. ते लक्षात आलं त्या संध्याकाळी तुम्हाला फोन करावा असं मनात येऊन गेलं. तुम्हाला जाऊन तेव्हाच कितीतरी वर्षं झाली होती.

आता मी कामोठ्यात एका क्लासमध्ये स्लोव्हाक शिकवते. तिकडच्या वृद्धाश्रमांत कामाला जाऊ बघणाऱ्या बायका माझ्या वर्गात आहेत. पुस्तक इंग्रजीवरून शिकवणारं आहे, त्यामुळे ‘कीप’ आला की त्याचे सगळे अर्थ येतात. मी ते फळ्यावर लिहिले, प्रत्येकापुढे वाक्य लिहिलं आणि एकेकीला बोलायला उठवलं. जी चुकली तिचा शब्द लाल खडूने खोडून बरोबर करून दिला. माझ्या मते मी फार नीट शिकवत होते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. भाजी आणायला पाठवलंत तरी मी ‘कोवळी म्हणजे केवढी’ हे विचारून घेतल्याशिवाय चप्पल घालत नसे. दुसऱ्या आठवड्यापासून वर्गात कोणी बोलेनासं झालं. वह्या भरल्या, तोंडं मिटली.

क्लासचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणतो, दारात उभे राहून म्हणाले, “मॅडम, तुमच्या वर्गातून आवाजच येत नाही. शेजारी जर्मनवाल्यांचं बघा, मासळी बाजार भरलाय नुसता.” मग जरा खालच्या सुरात, “रविवारी मुलाखती आहेत. या बॅचमधून कोणी निघालं नाही तर पुढच्या बॅचला मी टीचरऐवजी व्हिडिओ लावणार. तुम्हाला वाईट वाटायला नको, म्हणून आधी सांगितलं.” मला वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त मला वर्गातल्या काकूंची काळजी वाटली. त्या उरणकडच्या, चाळिशीच्या पुढच्या, एका दवाखान्यात आयाचं काम करतात. त्यांचे यजमान न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, पाठीमुळे त्यांचं ते काम सुटलं, आणि घर आता यांच्या एकटीवर आहे. वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, “काकू, घरी म्हणता तेव्हा येतं ना? मग इथे काय होतं?”

“येतं की. कोंबड्यांना सगला धडा म्हनून दाखवते,” त्या म्हणाल्या. “पन मॅडम, रागावू नका. तुमी तो लाल खडू उचलला का माजी जीभ टालूला चिकटते. मंग वाटतं, नाय बोललं तर चुकनार तरी नाय.”

बाबा, हे वाक्य माझं होतं. मी ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, एवढंच. मला बालवाडीतून परत आणलं होतं तुम्ही, कारण मी तिथे तोंडच उघडत नव्हते. तुमची कंपनी नुकतीच बंद पडली होती, आई ऑफिसला जायची, आणि खांदा कॉलनीतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही मला दुसरीपर्यंत शिकवलं. कुकरच्या शिट्ट्यांवर पाढे, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर वाचन. घरात मी पोपटासारखी बोलायचे. मग एक दिवस तुम्ही माझ्या हातात गव्हाची पिशवी देता आणि म्हणता, “गिरणीवाल्या काकांना सांगायचं, पोळ्यांचं आहे, बारीक दळा. एवढंच.” मी जिन्यात तीच दोन वाक्यं घोकते आहे. गिरणीत पट्ट्यांचा आवाज आहे, पिठाची धूळ आहे, बायकांची रांग आहे. मी रांगेत उभी राहते, माझी पाळी येते, मी मागे सरकते, पुन्हा येते, पुन्हा सरकते. शेवटी पिशवी तशीच उचलून घरी येते.

तुम्ही ओरडला नाहीत. पिशवीत हात घातलात, मूठभर गहू काढून माझ्यासमोर धरलेत. “चुकीचं बोललीस तरी पीठ मिळेल,” तुम्ही म्हणालात. “बोललीच नाहीस तर गहूच परत येईल. जा.” मी रडले. तुम्ही पोळपाट मांडून बसलात, म्हणजे पीठ आल्याशिवाय उठणार नाही. मी गेले आणि पीठ घेऊन आले. गरम पिशवी पोटाशी धरली होती. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलंत, हिरव्या टोपणाचं. आईला दारातच सांगितलंत, “आज हिने गिरणीत भाषण केलं.”

तर शुक्रवारी वर्गात गेल्यावर मी लाल खडू खणात टाकला आणि सांगितलं की रविवारपर्यंत मी कोणाची चूक काढणार नाही. जिला जे सुचेल ते बोलायचं. बाबा, फार कठीण गेलं. एकीने दिलेला शब्द कपाटात ठेवला, एकीने म्हाताऱ्या आजोबांना पाळलं. मी टेबलाची कड घट्ट पकडून ऐकत राहिले. काकू म्हणाल्या, “मॅडमचा चेहरा बघा, जुलाबाचं औषध घेतल्यावानी.” वर्ग असा हसला की सर बघायला आले. “हे काय चाललंय? फळ्यावर काही नाही?” मी म्हटलं, “सर, रविवारपर्यंत असंच चालेल.” मध्ये न थांबता वाक्य पूर्ण केलं. ते खांदे उडवून निघून गेले.

आज मुलाखत झाली. लॅपटॉपवर तिकडच्या वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई होत्या. मी कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्चीवर बसले होते, आणि मध्ये बोलायला मला मनाई होती. नाव, गाव, काम झालं. मग बाईंनी विचारलं की घरी कोण कोण असतं. काकूंनी नवरा सांगितला, दोन मुलं सांगितली आणि थोडं थांबून म्हणाल्या, “दोदृझीम स्लिएप्की.” स्लिएप्की म्हणजे कोंबड्या. पण शब्द पाळण्याचं क्रियापद त्यांनी कोंबड्यांना लावलं होतं. आपल्याकडे दोन्ही पाळायचेच असतात, मग त्यांनी तरी काय करावं? त्या बाईंना ऐकू गेलं ते असं काहीतरी, की कोंबड्यांना दिलेला शब्द मी मोडणार नाही. माझा हात आपोआप उठला. मी तो दुसऱ्या हाताने खाली दाबला.

पलीकडे बाई स्क्रीनकडे जरा वाकल्या. मग त्या बाई हसल्या, अगदी मनापासून. “खोवाते,” त्यांनी कोंबड्यांचा शब्द देऊन दुरुस्त केलं, आणि विचारलं, अंडी किती देतात? काकूंनी बोटं दाखवली. बाईंनी सांगितलं की त्यांच्याही घरी कोंबड्या आहेत, पण थंडीत अंडी घालत नाहीत. मग काकू कोंबड्यांच्या खुराड्याविषयी बोलत सुटल्या, अर्धं स्लोव्हाक, अर्धं हातवारे, निम्मं चूक. त्या थांबेचनात. शेवटी बाईंनीच सांगितलं की कागदपत्रं पाठवा, आम्ही घेतो आहोत.

सर म्हणाले, “नशीब म्हणायचं.” मी म्हटलं, “पुढच्या बॅचलाही मीच शिकवणार, सर. याच पद्धतीने.” ते बघू म्हणाले. मी उद्या पुन्हा विचारणार आहे, आणि परवाही. काकू मात्र निघताना थांबल्या. “मॅडम, मी चुकले ना?” म्हटलं, चुकलात. “मंग आता तरी लिवून द्या, बरोबर काय ते.” मी हिरव्या टोपणाचं पेन काढलं आणि त्यांच्या वहीत लिहून दिलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून यातली खाडाखोड मी पुसत बसत नाही. फक्त एक राहिलं. त्या दिवशी गिरणीत मी नक्की काय बोलले, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि पेन मिळाल्यावर मीही सांगितलं नाही. मी म्हणाले होते, “बारीक आहे, पोळ्या दळा.” गिरणीवाले काका हसले आणि म्हणाले, “बरं बाई, पोळ्या दळतो.”