मागचं बोट

९ मे
जिन्यात भिंगरीचं पिल्लू सापडलं. काळसर, लांब पंखांचं. सुयोग ऑफिसातून घरी येताना रुमालात घेऊन आला — "घे, तुझं खातं." फूटपट्टीवर बसवलं. पडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं.

भिंगातून पाहिलं तर चारही बोटं पुढेच! फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांना तीन पुढे, एक मागे. बसलं की पायातली शीर ताणली जाते आणि पकड आपोआप आवळते. याला मागचं बोटच नाही. जन्मतः अधू, बिचारं.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं — "पाय जन्मतः वाकडे आहेत. अशी पिल्लं जगत नाहीत. आणखी दिसली तर हात लावू नका, उगाच हाल होतात." झूलॉजीची मॅडम बोलली, विषय संपला.

१० मे
तरी राहवेना. एक बोट मागे वळवून मायक्रोपोरची चिकटपट्टी लावली. ओरडलं. मी "झालं हं, झालं" म्हणत राहिले.

११ मे
कॉलेजातून आले तर चिकटपट्टी उचकटून पडद्यावर! उभ्या पडद्याला चारही नख्या रुतवून आरामात लटकलेलं.

ही पाकोळी. भिंगरी नाहीच. फांदीवर बसणाऱ्यांच्या गणातलीसुद्धा नाही. भिंतीला लटकायचं, बाकी आयुष्य हवेत. बोटं पुढेच लागतात. दिसायला सारख्या, गण वेगळे — हे मी वर्षानुवर्षं शिकवते, पेपरातही टाकते. आणि धडधाकट पाय पिरगाळून बांधला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

गच्चीवर नेऊन तळहातावर धरली. जरा थरथरली आणि गेली, पार नॅशनल पार्कच्या दिशेला.

१२ मे
सुयोगने ती उडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. लताताई — "मॅडमनी पाय बरा केला!" टाळ्याच टाळ्या. आणि मी काय केलं? हात जोडल्याची खूण टाकली. शी!

सुयोग म्हणाला, "सांगून टाक ना यार. कोण फाशी देतंय तुला?" म्हटलं, उद्या.

१३ मे
नाही लिहिलं.

१५ मे
शेवटी लिहिलं. "ती पाकोळी होती. पाय चांगले होते. चूक माझी. पाकोळीला जमिनीवरून सहसा उडता येत नाही. पडलेली दिसली तर उचला, उंचावर तळहातावर धरा. उडेल."

तळमजल्यावरच्या अक्षताचं लगेच उत्तर आलं — "मॅडम, परवा आमच्या दारात अशीच एक पंख आपटत होती. तुमचा मेसेज आठवला. आम्ही दार लावून घेतलं."