ऑर्किडला संत्र्याचा ताण

जुने शहर, अकोला
दि. २२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप जयवंताताईस,

अकोल्याहून धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि खरं कळव. मागच्या वेळी तू "बरा हाये" म्हणालीस आणि मग मनोजकडून कळलं की तू बागेत खाटेवर बसूनच सगळ्यांवर ओरडत होतीस. (तुझ्या मुलाच्या पोटात काही राहत नाही. हा गुण त्याने आपल्या घराण्यातून घेतलेला नाही.) हातात मोबाईल असताना हा पत्राचा उद्योग कशाला, असं तू म्हणशील. त्याचं कारण, तू फोन स्पीकरवर टाकून बोलतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते अख्ख्या वरूडला ऐकवायचं नाही. शिवाय तहसील कचेरीत एकोणतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला गोष्ट कागदावर आल्याशिवाय घडल्यासारखी वाटतच नाही.

गोष्ट त्या ऑर्किडची आहे. दोन वर्षांपूर्वी आमची रागिणी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा घरी आली, तेव्हा नोर्बूने ते आणलं होतं. सिक्कीमहून, त्याच्या आईच्या अंगणातून. दोघांनी पुण्यात नोंदणी लग्न केलं आणि मला नंतर फोनवर कळवलं, याचा मला राग होता. (राग फक्त न विचारल्याचा आहे, तो कुठला कोण याचा नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. त्याचाही होता थोडा. तुझ्यापाशी काय लपवायचं?) मी दीड तास पेपर तोंडासमोर धरून बसलो. टेंडरच्या नोटिसासुद्धा वाचल्या. तो बिचारा तेवढा वेळ कुंडी मांडीवर घेऊन बसला होता, कारण ती कुठे ठेवायची हे त्याला कोणी सांगितलंच नाही. सांगायचं काम माझं होतं. आठवलं की अजून लाज वाटते. जाताना रागिणी दारातून म्हणाली, "बाबा, याले फूल आलं की फोन करा मले. तवर मी नाही करत तुमाले."

तिच्या आईला, इंदूला, ती दर रविवारी फोन करते. मी त्या वेळी गच्चीवर असतो. आता "फूल आलं की" म्हणजे फूल येण्यापूर्वी नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. जन्मभर शासन निर्णयांचे अर्थ लावले, दुसरं काय सुचणार? इंदू म्हणाली की पोरगी रागात बोलली, तुम्ही आजच फोन करा. पण एकदा अर्थ लावला की लावला. तेव्हापासून माझं लक्ष त्या कुंडीवर.

पहिली चूक मी आठच दिवसांत केली. कुंडीत पाहतो तर माती नाही! नुसता कोळसा, झाडाची सालं आणि नारळाच्या शेंड्या. मला वाटलं, डोंगरातली माणसं, त्यांच्याकडे मातीचे हाल असतील. आपण काळ्या मातीतली माणसं. मी तुझ्या बागेतली माती मागवली होती ती आठवते? (कोथिंबीर लावतो म्हणालो होतो. कोथिंबीर वगैरे काही नव्हती.) त्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत घालून झाड दाबून बसवलं, वर तांब्याभर पाणी. महिन्याभरात मुळं सडली. मग ती कुंडी मांडीवर घेऊन एसटीने अमरावतीला गेलो. वाटेत शेजारची बाई विचारते, "भाऊ, हा कोणता ऊस हाये?" (कांड्या तशाच दिसतात खऱ्या.) तिथल्या नर्सरीतला धर्मेंद्र म्हणून एक समजूतदार गडी आहे. त्याने मुळं धुतली, सडकी कापली आणि म्हणाला, "काका, हे झाड मातीत नाही जगत, हवेत जगते." हवेत जगणाऱ्या झाडाला मी शेणखतात पुरलं होतं. 

मग आला उन्हाळा. अकोल्याचा उन्हाळा तुला सांगायला नको. सिक्कीमच्या झाडाला तो कोण सांगणार? मी ते बैठकीत कूलरसमोर ठेवलं. कूलरची हवा आधी झाडाला, मग त्यातून उरली तर आम्हाला. दुपारभर दर अर्ध्या तासाला पानांवर पाणी शिंपडत बसायचो. समोरचे डोमाजी एकदा आले, बसायला जागा शोधू लागले आणि म्हणाले, "वामनराव, जावयाले कपभर चहा नाही पाजला तुमी, अन् त्याच्या झाडाले कूलर लावून बसले!" आपल्याकडे माणसं तोंडावर बोलतात ते बरं असतं म्हणतात. मला त्या दिवशी काही बरं वाटलं नाही. झाड मात्र असे दोन उन्हाळे जगलं. पानंच पानं आली, फुलाचा पत्ता नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. गेल्या भाऊबीजेला मी तुला फोटो दाखवला, तू चष्मा न लावताच म्हणालीस, "लाड लय होऊन राहिले त्याचे. पाणी देत राहाशीन तर पानंच देईन ते. ताण दे." आणि मी तुझं ऐकलं. आंबिया बहारासाठी आपण संत्र्याला देतो तसाच, डिसेंबर लागताच पाणी बंद. कूलर गेला, शिंपडणं गेलं, कुंडी रात्रंदिवस थंडीत गच्चीवर. पानं पिवळी पडून गळायला लागली. एकेक पान उचलताना आपले बाबा आठवले. ताणाच्या दिवसांत ते संध्याकाळी बागेत एकटे फिरायचे, पानं हातात धरून पाहायचे, घरी आले तरी कोणाशी बोलायचे नाहीत. पाणी तोडणं कोणालाही जमतं, ते परत कोणत्या दिवशी सोडायचं हे कळलं पाहिजे, असं ते म्हणत. एक आठवडा जास्त झाला तर झाड बहर धरत नाही, वाळतं. मी गच्चीवर त्या कुंडीपाशी बसून विचार केला, ताई, की माणसाशी बोलणं तोडायला मी क्षणभरही वेळ लावला नाही, आणि ते पाणी परत सोडायचा दिवस काढायला दोन वर्षं झाली तरी मी पानंच पाहतो आहे. असले विचार थंडीत येतात. उन्हाळ्यात माणसाला फक्त कूलर सुचतो.

तर आनंदाची बातमी अशी की, ताण लागू पडला! जानेवारीत संक्रांत झाल्यावर हलकं पाणी दिलं आणि आता कांड्यांच्या पेरांवर सात फुगवटे आले आहेत. सात! भिंगातून पाहिले. पंधरा दिवसांत फूल येईल असा माझा अंदाज आहे. आलं की त्याच मिनिटाला फोन लावणार. काय बोलायचं तेही टिपून ठेवलं आहे, चार मुद्दे आहेत. पहिला हवामानाचा. चौथा नोर्बूची माफी मागण्याचा, पण त्याचा मसुदा अजून पक्का व्हायचा आहे. तू फुलं पाहायला मनोजबरोबर ये, गुडघा जपून ये.

तुझा,
वामन

ता. क. (२ मार्च) : पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, फूल आल्यावर टाकू म्हणून. बरं झालं टाकलं नाही. त्या सात फुगवट्यांना मुळं फुटली. फोटो धर्मेंद्रला पाठवला. तो म्हणाला, "काका, हे फूल नाही, झाडाची पिल्लं हायेत. थंडीत पाणी चालू असन त्याले." मी म्हणालो, संक्रांतीपर्यंत थेंब दिला नाही, शपथेवर सांगतो. इंदू भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तुळशीला घालून उरलेलं पाणी ती रोज सकाळी त्याला घालत होती. पूर्ण डिसेंबर, पूर्ण जानेवारी. म्हणाली, "पोरीनं आणेल झाड हाये. तहानेनं कशी मारू मी त्याले?" मी रागवायला तोंड उघडलं होतं. मग तिच्या शेजारी पाटावर बसलो आणि भाकरी खाल्ली. यंदा फूल नाही. धर्मेंद्र म्हणतो, आता पुढच्या वर्षी.

ता. क. २ : पुढचं वर्ष मला चालणार नाही, ताई. काल तीनदा रागिणीचा नंबर काढला, तीनदा फोन खाली ठेवला. मुद्द्यांचा कागद हातातच होता. ती उचलणार नाही याची भीती नाही. ती उचलेल, "बाबा" म्हणेल आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, मी नुसता रडेन, याची भीती आहे. म्हणून खरं काम आता लिहितो, वरचं सगळं त्याच्यासाठीच होतं असं समज. तू तिला फोन कर आणि सांग की फूल आलं. तीन आली म्हण. पांढऱ्यावर जांभळी, मधे गडद. मी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि तू बोलतेस हे अजून कोणाला माहीत नाही, म्हणून हे काम तुझ्याकडे. पाहायला या म्हणावं, दोघंही. आल्यावर झाड समोर आहेच, तेव्हा माझी जी फजिती व्हायची ती होऊ दे. आणि बाबांनी स्वतः फोन का नाही केला असं तिने विचारलं, तर ते मात्र खरं सांग.